लोखंडावर भार लिहिलेला असतो

मी गोदीत काम करतो. ठेकेदाराचा माणूस. दहावी पास, पुढं शाळा नाही. कविता करतो म्हणून संपादकांना वाटलं की हा लेखही लिहील. तर हा लेख. यात कविता शोधू नका.

गोदीत प्रत्येक हुकावर, साखळीवर, क्रेनवर एक आकडा मारलेला असतो. सुरक्षित भार. पाच टन म्हणजे पाच टन. १९८६ साली गोदी कामगारांच्या सुरक्षेचा कायदा झाला, १९९० साली नियम झाले. माल उचलायचं सामान ठरावीक मुदतीनं जाणत्या माणसाकडून तपासायचं, त्याची नोंद वहीत ठेवायची. वायर रोपच्या तारा तुटायला लागल्या की रोप बाद करायचा. वरून रोप धडधाकट दिसतो. पण आतलं ग्रीस सुकलं की तो आतून गंजत जातो आणि एक दिवस भर कामात तुटतो. तुटला तर रोपाचं काही जात नाही. खाली उभा असलेला माणूस जातो.

हा कायदा किती पाळतात ते मला विचारू नका. पण लोखंडही थकतं, एवढं तरी कायद्याला कळलंय. आता मी तुम्हाला विचारतो, दोस्तांनो. आपल्या चळवळीतल्या माणसाचा भार कुठं लिहिलाय? त्याची वही कुणाकडं आहे?

आमच्या वस्तीत एक दोस्त आहे. नाव लिहीत नाही, त्याला चालणार नाही. अकरा वर्षं तो राबला. कुणाला जातीचा दाखला पाहिजे, त्याच्याकडं जा. हॉस्टेलला ॲडमिशन, त्याच्याकडं जा. पोलीस ठाण्यात एफआयआर घेत नाहीत, रात्री दोनला त्यालाच उठवा. अट्रॉसिटीची केस, हॉस्पिटल, पोस्टमॉर्टेम, कोर्टाची तारीख, जयंतीची वर्गणी, अभ्यासवर्ग, सगळं त्याच्याच गळ्यात. एका रात्री तो माझ्याकडं आला. म्हणाला, "अरे, आज त्या केसमधली माय माझ्यासमोर रडत होती आणि मी घड्याळ बघत होतो. लोकल चुकेल म्हणून. मला काहीच वाटलं नाही रे. मेलोय का मी?"

मी काय बोललो माहीत आहे? मी म्हणालो, "असं बोलू नकोस, पोरांनी ऐकलं तर काय म्हणतील?" हे मी बोललो. कवी म्हणवतो मी स्वतःला.

महिन्याभरात त्यानं फोन उचलायचं बंद केलं. बैठकीत आम्ही त्याचा निकाल लावून टाकला. एक म्हणाला, फुटला. दुसरा म्हणाला, विकला गेला. तिसरा म्हणाला, पांढरपेशा झाला. त्याच्या घरी जाऊन एकानंही विचारलं नाही की बाबा, जेवलास का.

या दुखण्याला नाव आहे. १९७४ साली न्यूयॉर्कमधल्या फ्रॉइडनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं त्याच्यावर लेख लिहिला आणि त्याला 'बर्न-आऊट' म्हटलं. जळून राख होणं. ध्यानात घ्या, हे त्यानं कुठल्या साहेबाच्या केबिनमध्ये बघितलं नव्हतं. गोरगरिबांसाठी चालवलेल्या फुकट दवाखान्यातल्या स्वयंसेवकांत बघितलं होतं, आणि तो स्वतःही त्यातून गेला होता. म्हणजे हा शब्द जन्मला तो आपल्यासारख्यांच्यातच. जे पगाराशिवाय मरमर राबतात, त्यांच्यात. पुढं कंपन्यांनी तो पळवला. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या तीन खुणा सांगितल्या. अंगातली ताकद संपणं, कामापासून मन तुटणं किंवा कामाबद्दल कडवटपणा येणं, आणि हातून धड काम न होणं. त्यांनी हेही स्पष्ट केलं की ही खूण फक्त नोकरीधंद्यातल्या कामाला लावायची.

मग माझा दोस्त कुठं बसतो? त्याला पगार नव्हता. आजारी सासूचं हगणं-मुतणं काढणारी सून कुठं बसते? तिलाही पगार नाही. जगाच्या वहीत आपण जळलो तरी त्याची नोंद नाही. म्हणून म्हणतो, ही वही आपण लिहायची.

इथं कुणीतरी उठणारच. "कामगारा, ही चैनीची भाषा झाली. बाबासाहेब कधी झोपले होते का?" बाबासाहेबांच्या नावावर जागरणाचं एक वाक्य फिरतं, मोबाईलच्या स्टेटसवर प्रत्येकानं ते ठेवलेलं असतं. ते वाक्य ठेवून आपण रात्री तीनपर्यंत मोबाईल बघतो ही गोष्ट वेगळी. पण सवाल खरा आहे, म्हणून जवाबही खरा देतो.

१९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्या काळात कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. पगारी रजेचं बिल त्यांनी मांडलं. दिवसाला ठरावीक तासांच्या पुढं माणूस पिळायचा नाही, त्याला रजा द्यायची आणि रजेचे पैसे द्यायचे, ही ज्यांची लढाई होती त्या माणसाच्या नावानं आपण एकमेकांना झोपू देत नाही! आज तीच मर्यादा पुन्हा मोडायला निघालेत. २०२५ साली महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातल्या कामाची दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारावर न्यायला मंजुरी दिली. त्याच्याविरुद्ध मोर्चा काढायचा आणि मोर्चाच्या तयारीला त्याच पोराला सलग अठरा तास जुंपायचं, हे कसलं विद्रोहाचं गणित?

आणि बाबासाहेबांच्या शरीराचं काय झालं ते स्टेटसवर कुणी ठेवत नाही. मधुमेह होता. पायांची दुखणी होती. शेवटच्या वर्षांत आधाराशिवाय चालणं अवघड झालं होतं. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी नेहरूंना पत्र लिहिलं की प्रकृती साथ देत नाही, उपचार घ्यायचे आहेत, त्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लावा. बिल रखडलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी राजीनामा दिला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा. ६ डिसेंबरला गेले. वय ६५. दीक्षेनंतर दोन महिनेही मिळाले नाहीत. त्यांना आणखी दहा वर्षं मिळाली असती तर? या प्रश्नानं प्रत्येक भीमसैनिकाचं काळीज हलतं. मग शेजारी बसलेल्या कार्यकर्त्याबद्दल तोच प्रश्न का पडत नाही?

त्यांनाही विसावा पाहिजे होता. ते व्हायोलिन शिकत होते. कुत्री पाळायचे. बागेचा नाद होता. पुस्तकं तर होतीच. हे आपण पोरांना सांगत नाही. आपल्याला पुतळ्यातले बाबासाहेब लागतात, बोट वर केलेले. मांडीवर व्हायोलिन घेतलेला म्हातारा माणूस आपल्याला परवडत नाही.

आता त्यांना ज्यांनी जपलं त्यांच्याकडं बघू. रमाईनं चार लेकरं मातीत घातली, दारिद्र्यात संसार ओढला, आणि २७ मे १९३५ ला दीर्घ आजारानं गेली. आपण तिच्या त्यागाची गाणी गातो. गावीतच. पण तिला विसावा कोण देत होतं, असं एकाही गाण्यानं विचारलं नाही. माईसाहेबांचं तर विचारूच नका. १५ एप्रिल १९४८ ला लग्न झालं, तेव्हापासून शेवटच्या दिवसापर्यंत औषध, पथ्य, इंजेक्शन, सगळं त्या डॉक्टर बाईनं केलं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपली विझत चाललेली ज्योत तेवती ठेवल्याबद्दल पत्नीचे आणि डॉ. मालवणकरांचे आभार मानले. १९५७ ला ग्रंथ छापून आला तेव्हा ही प्रस्तावना त्यात नव्हती. आणि समाजानं काय केलं? तिच्यावरच संशय घेतला. मृत्यू नैसर्गिक होता असं ठरूनही बाईला वर्षानुवर्षं दूर ठेवलं. जपणाऱ्या माणसाला आपण असा पगार दिला. ही शरमेची गोष्ट आहे, ती तशीच लिहिली पाहिजे.

हे फक्त इतिहासात झालं असं समजू नका. माझ्याच खोलीचं सांगतो. दहा बाय बारा. बैठक आमच्याकडं व्हायची कारण वस्तीतल्या इतरांच्या खोल्या त्याहून लहान. रात्री एकपर्यंत क्रांतीची चर्चा. चहा तीन वेळा. चहा कोण करायचं? माझी आई. दिवसभर धुणीभांडी करून आलेली. ती आणि माझी बहीण मोरीजवळ भिंतीला टेकून पेंगत बसायच्या, कारण आडवं व्हायला जागाच नसायची. सकाळी पाचला पाण्याला उठायचं. स्त्रीमुक्तीवर चर्चा झाली त्या रात्रीसुद्धा चहा तिनंच केला. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं ते अशाच बायांसाठी, ज्यांच्यावर चळवळ उभी राहिली आणि ज्यांचं नाव कुठं लागलं नाही. कार्यकर्ता थकला की घरी येऊन पडतो. घरातली बाई थकली की कुठं पडणार? ज्याच्या विश्रांतीची किंमत घरातली बाई मोजते, तो स्वतःच्याच घरात ठेकेदार असतो. मीही होतो.

माझं स्वतःचं एक. एका ६ डिसेंबरला तीन रात्री मी दादरला पाण्याच्या स्टॉलवर होतो. सातला सकाळच्या पाळीला तिथूनच थेट गोदीत. नाही गेलो तर रोजी बुडणार आणि ठेकेदार दुसरा घेणार. क्रेननं माल खाली येत होता आणि मी बरोबर त्याच्याखाली उभा. डोळे उघडे होते पण दिसत काही नव्हतं. टोळीतल्या रत्नागिरीकडच्या एका काकांनी कॉलरला धरून मागं ओढलं. माल टेकल्यावर म्हणाले, "भीमाच्या नावानं जागलास, ठीक. पण आज गेला असतास तर तुझ्या आईला सांगायला कोण जाणार होतं?" मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

म्हणून म्हणतो, ही चैन नाही. आणि चैनीची जी दुकानं उघडलीत त्यांच्याबद्दलही बोलून घेतो. आता थकवा हा बाजारातला माल झालाय. आधी बारा तास पिळायचं, मग ध्यानाचं ॲप द्यायचं. श्वास घ्या, श्वास सोडा, आणि टार्गेट पुरं करा. इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाणाऱ्याला मी हसत नाही. तिथं फी घेत नाहीत, दानावर चालतं, आपले किती तरी लोक जाऊन आले, बरं वाटलं म्हणतात. पण माझे दहा दिवस म्हणजे दहा रोज्या. त्या कोण भरणार? ज्या विश्रांतीसाठी आधी शिलकीतले पैसे लागतात ती सगळ्यांची विश्रांती नव्हे. आपल्याला अशी रीत पाहिजे की जी झोपडपट्टीत चालेल.

रीत आपल्याकडं आहे. अडीच हजार वर्षांची आहे. धम्म घेतला आणि ती तेवढी विसरलो.

सोण नावाचा भिक्खू होता. सुखात वाढलेला. चालत चालत साधना करायचा, इतकी की तळपाय फाटून वाटेवर रक्त पडलं. मग त्याला वाटलं, एवढं करून काही हाती लागत नाही, घरी जावं. बुद्धानं त्याला पळपुटा म्हटलं नाही. विचारलं, घरी असताना वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर वाजायची का? फार ढिल्या सोडल्या तर? जोरही तसाच जुळवायचा असतो, हे त्याला त्याच्याच वाद्यावर दाखवून दिलं. सोण राहिला.

दुसरी गोष्ट पावा नगरीतली. मल्लांनी नवं सभागृह बांधलं होतं. बुद्ध रात्री उशिरापर्यंत बोलले. मग सारिपुत्ताला म्हणाले की माझी पाठ दुखते, मी जरा आडवा होतो, पुढं तू सांग. चीवराची घडी घातली आणि सगळ्यांसमोर झोपले. सारिपुत्तानं जे सांगितलं तेच 'संगीति सुत्त'. माझ्या भावांनो, विचार करा. आपल्या किती पुढाऱ्यांनी आजवर माईक खाली ठेवून म्हटलंय की माझी पाठ दुखते, आता हा पोरगा बोलेल? पक्षाची शकलं झाली, गटाचे गट झाले, पण माईक सुटला नाही. दमलेल्या पुढाऱ्याला बदली माणूस दिला तर तो म्हणतो माझी खुर्ची काढून घेतात. मग तो चिडतो, पोरांवर खेकसतो, पितो, आणि एक दिवस ज्यांच्याविरुद्ध लढला त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसतो. प्रत्येक जण पैशानंच फितूर होतो असं नाही. काही जण थकून फितूर होतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात लागली. एक भिक्खू अतिसारानं स्वतःच्याच घाणीत पडला होता. बुद्ध आणि आनंद तिथं आले, दोघांनी मिळून त्याला धुतला, खाटेवर निजवला. मग भिक्खूंना विचारलं की याला का बघितलं नाहीत? जवाब आला की हा आमच्या काही उपयोगाचा नाही. तेव्हा बुद्धानं बजावलं की तुम्हाला इथं आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना बघितलं नाही तर बघणार कोण. आमच्या बैठकीत दोस्ताचा निकाल लावला तेव्हा आम्ही वेगळं काय बोललो होतो? उपयोगाचा राहिला नाही, एवढंच तर बोललो होतो.

ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरनं बंदुकीबरोबर आणखी काय उचललं होतं? १९६९ पासून पोरांना फुकट न्याहारी, आणि मग वस्त्यावस्त्यांत फुकट दवाखाने. गोऱ्यांच्या व्यवस्थेनं टाकून दिलेलं काळं शरीर जपणं हा त्यांच्या लढाईचा भाग होता. ऑड्री लॉर्ड ही काळी कवयित्री कॅन्सरशी झुंजत होती. १९८८ च्या पुस्तकात तिनं स्वतःला जिवंत ठेवणं हे राजकारणाचंच काम मानलं. आपल्यालाही ते कळायला जड जाऊ नये. ज्या व्यवस्थेला आपण मेलेलेच हवे आहोत, तिच्यासमोर धड जगणं हाच मोठा विद्रोह आहे.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला. दहा माणसं गेली. चारच दिवसांनी आपला शाहीर विलास घोगरे यानं स्वतःचं जीवन संपवलं. त्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगायचा मला हक्क नाही. एवढंच म्हणतो की आपल्या दुःखाला सूर देणाऱ्या माणसाच्या शेजारी त्या रात्री कुणीतरी बसलेलं असायला हवं होतं. शाहीर, कवी, कार्यकर्ता, हे दुसऱ्याची जखम अंगावर घेतात. ती जखम त्यांच्याही आत शिरते. आणि ती धुणारं कुणी नसतं.

तर आता वही. मी माझ्यापुरत्या पाच गोष्टी लिहिल्यात. तुम्ही खोडा, वाढवा.

एक. गोदीत पाळ्या असतात, बदली असतो. चळवळीतही पाळी लावा. रात्रीचा फोन एका महिन्याला एकाकडं, पुढच्या महिन्याला दुसऱ्याकडं. बदली तयार केल्याशिवाय कुणालाही पद नाही.

दोन. अत्याचाराच्या ठिकाणी, पोस्टमॉर्टेमला, कोर्टात एकट्यानं जायचं नाही. दोघांनी जायचं. परत आल्यावर लगेच घरी पळायचं नाही. चहाच्या टपरीवर बसून जे बघितलं ते एकमेकांना सांगायचं. रडू आलं तर रडायचं. त्यानं कुणाचा पँथरपणा जात नाही.

तीन. भिक्खू पावसाचे तीन महिने एका जागी राहायचे. वर्षावास. शेवटी पवारणा, म्हणजे माझं काय चुकलं ते मला सांगा असं प्रत्येकानं संघाला म्हणायचं. आपल्याला तीन महिने जमणार नाहीत. पण प्रत्येक कार्यकर्त्याला वर्षातून एक महिना चळवळीतून रजा द्या. त्या महिन्यात त्याला कुणी फुटला म्हणणार नाही, आणि परत आल्यावर त्याची जागा तिथंच असेल.

चार. वर्गणीतला वाटा औषधाला ठेवा. शुगर, बीपी तपासा. झोप उडाली, दारू वाढली, मरावंसं वाटतं, तर डॉक्टर गाठा. मनाच्या डॉक्टरकडं जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. सरकारची टेलि-मानस नावाची फुकट फोनसेवा आहे, नंबर १४४१६. सरकारशी भांडायचं ते भांडू, पण तो नंबर आपल्या पैशानं चालतो, वापरा.

पाच. बैठकीचा चहा पोरांनी करायचा, कपही पोरांनीच विसळायचे. बैठक दहाला संपवायची. ज्या घरात बैठक, त्या घरातल्या बाईला आधी विचारायचं. घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल तर आठवड्यातली एक रात्र वस्तीनं वाटून घ्यायची, म्हणजे त्या बाईला एक रात्र सलग झोप मिळेल.

यानं जात मोडणार नाही, मला कळतं. पण जात मोडायला पिढ्या लागणार आहेत आणि तोवर टिकायचं आहे. सहा महिन्यांत राख होणाऱ्या पोरांच्या जिवावर शंभर वर्षांची लढाई लढता येत नाही.

त्या दोस्ताकडं मी गेलो. चार महिन्यांनी गेलो, उशीरच केला. चळवळीबद्दल एक शब्द बोललो नाही. सुके बोंबील भाजले, भाकरी खाल्ली. तिसऱ्या का चौथ्या खेपेला तो स्वतःच म्हणाला, "वाचनालय बंद पडलंय का रे?" आता तो रविवारी सकाळी येतो, वाचनालयाचं कुलूप काढतो, पेपर लावतो, दुपारी घरी जातो. त्याच्या पलीकडं काही करत नाही. काही जण कुजबुजतात की पूर्वीचा राहिला नाही. मी त्यांना सांगतो, नकोच आहे पूर्वीचा. हाच पाहिजे, जिवंत.

पुढच्या बैठकीला येताना एक कोरी वही आणा. पहिल्या पानावर प्रत्येकानं आपलं नाव लिहायचं आणि नावापुढं आपला भार. खरा लिहायचा. पुढाऱ्यांनीसुद्धा.

जय भीम.